वाऱ्यावरच्या तीन चादरी: जहाजावरचं इंग्रजी मराठीत आणताना या चुका टाळा

दोन पावसाळ्यांपूर्वी एका इंग्रजी कादंबरीचा मराठी अनुवाद माझ्याकडे तपासायला आला होता. नायकाचा काका मध्यरात्री गुत्त्यातून घरी येतो, तिथलं वाक्य असं होतं: "काका परतला तेव्हा वाऱ्यावर तीन चादरी होत्या." मी समासात लिहिलं, "कुठल्या चादरी? वाळत घातलेल्या?"

दुसऱ्या दिवशी अनुवादकाचा फोन आला. मुलगा चिपळूणचा, कामाला चोख. म्हणाला, "ताई, मूळ पुस्तकात शीट्सच आहे हो. थ्री शीट्स टु द विंड. मलाही विचित्र वाटलं, पण म्हटलं लेखकाने वातावरणनिर्मिती केली असेल."

वातावरणनिर्मिती काकाने केली होती. तो तर्र होऊन आला होता.

मी फोनवर हसले खरी, पण फार हसण्याचा मला अधिकार नाही. उमेदवारीच्या काळात मी एका कामगार संघटनेला "कडवट शेवटापर्यंत लढण्याचा निर्धार" करायला लावला होता आणि तो दुसऱ्या दिवशी तसाच छापून आला होता. शिडाच्या जहाजांवरून आलेले इंग्रजी वाक्प्रचार असेच फसवतात. शब्द ओळखीचे असतात. शीट, बिटर, कलर्स, लार्ज हे सगळे शाळेत भेटलेले, म्हणून आपण कोश उघडत नाही.

शीट म्हणजे चादर नव्हे, शीडही नव्हे

जहाजावर शीट म्हणजे दोर. शिडाच्या खालच्या कोपऱ्याला बांधलेला, शीड हवं तेवढं ताणायला किंवा सैल सोडायला वापरतात तो. जुन्या इंग्रजीत शिडाच्या खालच्या भागाला जो शब्द होता, तोच पुढे त्या भागाला बांधलेल्या दोराला चिकटला. इंग्रजी बोलणारेही इथे फसतात. त्यांतल्या निम्म्यांना शीट म्हणजे शीड वाटतं आणि ते मोठ्या ठामपणे तसं सांगतात.

चिपळूणच्या मुलाला मी जहाज समजावत बसले नाही. त्याला विचारलं, "झडीसाठी पडवीला ताडपत्री बांधता ना?" बांधतात. चार कोपरे, चार दोर. जूनमधल्या एखाद्या रात्री एक दोर सुटतो आणि कोपरा फटाफटा आपटायला लागतो. झोपमोड होते, पण आडोसा टिकून असतो. दुसरा सुटला की अर्धी ताडपत्री कौलांवर. तिसरा सुटला की ती ताडपत्री राहतच नाही, एका खुंटीला लटकून वाऱ्याच्या मर्जीने अंग फेकत राहते. शिडांचे दोर सुटले की जहाजाचं नेमकं हेच होतं. शिडांत वारा धरला जात नाही, सुकाणूला जोर मिळत नाही, आणि जहाज डुलत, भरकटत राहतं. पिऊन घरी निघालेल्या माणसाची चाल खलाशांना तशी दिसली.

या वाक्प्रचारात आणखी एक बारकावा आहे. १८२० च्या दशकातल्या छापील इंग्रजीत तो "थ्री शीट्स इन द विंड" असा येतो, "टु द विंड" हे रूप नंतर रुळलं. आणि तीन हा आकडा एका मापाचा भाग आहे. १८२४ सालच्या एका कादंबरीत एक पात्र "एका शीटवर" न थांबता तीनपर्यंत पोचणार असं म्हटलंय. 'ट्रेझर आयलंड' या कादंबरीतला चाचा लाँग जॉन सिल्व्हरही "एक शीट वाऱ्यावर" अशा अर्थाचं बोलतो. म्हणजे एक शीट सुटलेला माणूस जरा रंगात आलेला आणि तीन सुटलेला जमिनीला हात लावून चालणारा. अनुवादात हे माप सांभाळा. एका शीटवाल्याला तर्र करू नका, त्याच्यावर अन्याय होतो.

तीनच का, याची स्पष्टीकरणं मात्र वाटेल तशी फिरतात. तीन डोलकाठ्या होत्या म्हणून, पवनचक्कीचं एक पातं बिघडलं म्हणून. त्यांच्या मागे पुरावा नाही. "तीन तिगाडा काम बिगाडा" म्हणताना आपणही गणित मांडत नाही.

ही शीटं प्रत्यक्ष पाहायची असतील तर इंग्लंडमध्ये हार्टलपूलला 'ट्रिंकोमाली' हे जहाज जतन करून ठेवलंय. ते १८१७ साली मुंबईच्या गोदीत पाण्यात उतरलं. सागवान मलबारचं, बांधणारे जमशेटजी बमनजी वाडिया. त्या काळी आपल्याकडच्या खलाशांना हुकूम द्यायचे तर इंग्रज अधिकाऱ्यांना त्यांचे शब्द शिकावे लागत. त्यासाठी १८११ साली कलकत्त्यात इंग्रजी आणि हिंदुस्तानी नाविक शब्दांचा एक कोशच छापला गेला. त्या कोशकाराने शीटचा अर्थ चादर दिला असता तर निदान एक जहाज खडकावर गेलं असतं. आपल्या चुकीने फक्त वाचक हसतो.

आंधळा डोळा वळवू नका

"टर्न अ ब्लाइंड आय" हा वाक्प्रचार माझ्याकडे येणाऱ्या मजकुरात सगळ्यात जास्त वेळा दिसतो. त्याची मराठी रूपं मी जमवून ठेवलीत: "आंधळा डोळा वळवला", "अंध दृष्टी टाकली". एकदा तर "अधिकाऱ्याने डोळा फिरवला" असंही आलं होतं, त्यात अधिकाऱ्याच्या चारित्र्याचाच प्रश्न उभा राहिला.

या चुका निदान ओरडून सांगतात की आम्ही चूक आहोत. खरी लबाड चूक आहे "दुर्लक्ष केलं". वाक्य मराठी वाटतं, संपादकही पुढे जातो. पण दुर्लक्ष नकळतही होतं. गॅसवर दूध ठेवलं आणि दुर्लक्ष झालं, असं आपण रोज म्हणतो. इंग्रजी वाक्प्रचारात माणसाने पाहिलेलं असतं, त्याला सगळं कळलेलं असतं, आणि मगच तो न पाहिल्याचं सोंग आणतो. बेकायदा बांधकामाकडे पालिकेचं दुर्लक्ष झालं की पालिकेने कानाडोळा केला, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात आळस, दुसऱ्यात संगनमत.

मराठीत शब्द तयार आहे: कानाडोळा. तिशीपर्यंत माझी समजूत होती की कान आणि डोळा दोन्ही बंद करायचे म्हणून कानाडोळा. पुष्कळांची ती अजूनही आहे. हा कान ऐकण्याचा नव्हे. मूळ शब्द काणा, म्हणजे एका डोळ्याने अधू किंवा तिरळा. काणाडोळा करायचा, म्हणजे नजर तिरकी करून जे दिसतंय ते नजरेआड करायचं. आज 'न' रूढ आहे, तेव्हा छापताना कानाडोळाच ठेवा, उगीच दुरुस्त करू नका. फक्त शब्दाची फोड सांगताना कानाला मध्ये आणू नका. गंमत अशी की ज्या माणसाची गोष्ट या इंग्रजी वाक्प्रचाराबरोबर सांगितली जाते, तोही एका डोळ्याने अधूच होता.

ती गोष्ट २ एप्रिल १८०१ ची, कोपनहेगनच्या बंदरापुढची. ब्रिटिश ताफ्याचा मुख्य अॅडमिरल सर हाइड पार्कर मोठी जहाजं घेऊन दूर थांबला होता. उथळ पाण्यात घुसून डॅनिश जहाजांच्या रांगेशी प्रत्यक्ष झुंजत होता त्याच्या हाताखालचा व्हाइस अॅडमिरल होरेशियो नेल्सन, 'एलिफंट' या जहाजावरून. नेल्सनची तीन जहाजं आधीच गाळात रुतली होती. लढाई रेटत नाही असं पाहून दुपारी पार्करने ३९ क्रमांकाचा संकेत चढवला: लढाई थांबवा. त्या काळात ताफ्याशी बोलायचं ते डोलकाठीवरच्या झेंड्यांनी. हाताखालच्या अधिकाऱ्याने तोच संकेत आपल्या जहाजावर चढवून पुढे पोचवायचा असतो.

नेल्सनने पोच दिली, पण संकेत पुढे चढवला नाही. "जवळून भिडा" हा आपला १६ क्रमांकाचा संकेत त्याने तसाच फडकत ठेवला. मग जहाजाचा कप्तान टॉमस फोली याला तो म्हणाला, "फोली, मला एकच डोळा आहे. अधूनमधून आंधळं असण्याचा मला हक्क आहे." दुर्बीण अधू डोळ्याला लावली आणि म्हणाला, "खरंच, मला संकेत दिसत नाही." हा प्रसंग जहाजावर हजर असलेल्या कर्नल विल्यम स्टुअर्टच्या सांगण्यातून आला. लोकांपुढे तो गाजला १८०९ सालच्या चरित्रातून, म्हणजे ट्रफाल्गरच्या लढाईत नेल्सन मारला गेल्याला चार वर्षं झाल्यावर.

गोष्ट इथे संपवतात. मला मात्र दर वेळी कप्तान रिऊ आठवतो. छोट्या, वेगवान जहाजांची तुकडी त्याच्याकडे होती आणि पार्करचा झेंडा त्याला स्वच्छ दिसत होता. त्याने हुकूम पाळला. मागे वळताना, नेल्सन आपल्याबद्दल काय म्हणेल, असं तो चडफडत म्हणाल्याचं सांगतात. वळताना जहाजाची पाठ डॅनिश तोफांसमोर आली आणि तोफगोळ्याने रिऊचे दोन तुकडे झाले. हुकूम पाळणारा गेला. मोडणाऱ्याने त्याच दिवशी युद्धबंदी घडवली, महिन्याभरात पार्करला परत बोलावलं गेलं आणि ताफा नेल्सनच्या हाती आला. रिऊच्या नावाने कुठलाच वाक्प्रचार नाही.

ही गोष्ट मराठीत सांगताना तीन चुका हमखास होतात. पहिली काळ्या पट्टीची. शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या नेल्सनला चाच्यासारखी पट्टी बांधतात. त्याने कधीच पट्टी बांधली नाही. १७९४ साली कॉर्सिका बेटावर काल्व्हीच्या वेढ्यात तोफगोळा आदळून उडालेल्या वाळू-खडीने त्याचा उजवा डोळा गेला, पण डोळा दिसायला ठीक होता. उलट चांगला डोळा उन्हापासून जपायला तो टोपीला हिरवी झापड लावायचा. दुसरी चूक चित्रांतली, उजव्या हातात दुर्बीण. उजवा हात त्याने १७९७ सालीच टेनेरिफच्या हल्ल्यात गमावला होता.

तिसरी चूक सगळ्यात पसरलेली: हा वाक्प्रचार नेल्सनमुळे जन्माला आला. नाही. आंधळा डोळा वळवण्याची भाषा इंग्रजीत सतराव्या शतकाच्या अखेरीपासून छापलेली सापडते, आणि कोपनहेगनच्या आदल्याच वर्षी, १८०० सालच्या एका कादंबरीतही ती आहे. नेल्सनने कदाचित आधीच बोलीत असलेल्या शब्दांवर कोटी केली. त्याने वाक्प्रचार गाजवला असं लिहा, घडवला असं लिहू नका. आणि "नेल्सनने सरळसरळ बंड केलं" असंही ठोकून देऊ नका. पार्करचा संकेत म्हणजे हुकूम नव्हे, परिस्थिती हाताबाहेर गेली असेल तर माघार घ्यायची मुभा होती, असं मानणारे इतिहासकारही आहेत.

कडू नसलेला शेवट आणि वजन नसलेला नांगर

आता माझ्या कडवट शेवटाकडे, म्हणजे "टु द बिटर एंड"कडे. जहाजाच्या पुढच्या भागात तुळईएवढे जाड लाकडी खांब असत, त्यांना बिट्स म्हणत. नांगराचा दोर त्यांना वेढे देऊन बांधायचा. कॅप्टन जॉन स्मिथने १६२७ सालीच लिहून ठेवलंय की बिट्सभोवतीचा वेढा म्हणजे बिटर, आणि दोराचं जे टोक जहाजात राहतं ते बिटरचं टोक. नांगर सोडता सोडता ते टोक हाती आलं की दोर संपला. मात्र खलाशांनाच सगळं श्रेय देऊ नका. इंग्रजी बायबलच्या नीतिसूत्रांत, पाचव्या अध्यायात, दवण्यासारखा कडू शेवट आहे, आणि वाक्प्रचार घडताना तोही लोकांच्या कानात होता.

मराठीत "अखेरपर्यंत" पुरतं. मोह होतो "परतीचे दोर कापून" लिहिण्याचा. दोरही आहे, सिंहगडही आहे. पण परतीचे दोर कापणं हा लढाई पेटतानाचा निर्णय, आणि बिटर एंड ही लढाई संपतानाची अवस्था. दोन्ही एका वाक्यात येऊ शकतात, एकमेकांच्या जागी येऊ शकत नाहीत.

"वे अँकर" पाहून नांगराचं वजन करणारे भेटतात. इथे वे म्हणजे उचलणं. हा शब्दाचा जुना अर्थ, वजन करणं हा नंतरचा. नांगर उचलला, एवढंच.

"टो द लाइन"ची गोष्ट देवनागरीने अवघड करून ठेवलीय. पायाचं बोट आणि दोराने ओढणं, इंग्रजीत स्पेलिंग वेगळं, आपल्याकडे दोन्ही "टो". त्यामुळे भाषण ऐकून भाषांतर करणारा आमदारांना पक्षाचा दोर ओढायला लावतो. अर्थ आहे आखलेल्या रेघेला पायाची बोटं टेकवून रांगेत उभं राहणं, म्हणजे शिस्त मोडायची नाही. ही रेघ जहाजाच्या फळ्यांमधली सांध होती की शर्यतीची, यावर लोक भांडतात. अनुवादाला त्याने काही फरक पडत नाही.

"बाय अँड लार्ज" तर आपण मराठी बोलतानाही सर्रास म्हणतो, आणि लिहायची वेळ आली की "मोठ्या प्रमाणावर" असं लिहितो. लार्जने केलेला घात. वाऱ्याच्या जवळजवळ तोंडावर जायचं ते बाय, आणि वारा मागून घेत जायचं ते लार्ज. दोन्ही तऱ्हांनी नीट चालणारं जहाज म्हणजे एकंदरीत चांगलं जहाज. १६६९ सालच्या एका नाविक ग्रंथात हे शब्द जहाजाबद्दलच आलेत. तेव्हा "लोक एकंदरीत खूश होते" किंवा "ढोबळमानाने". "मोठ्या प्रमाणावर खूश होते" लिहिलंत की खुशीचं टनेज मोजल्यासारखं वाटतं.

"फ्लाइंग कलर्स"मध्ये कलर्स म्हणजे झेंडे. शरण जाणारं जहाज झेंडा उतरवायचं, आणि झेंडे फडकवत परत आलेलं जहाज म्हणजे न हरलेलं. मुलगी "उडत्या रंगांनी पास" झाली, असं मी एका शाळेच्या अहवालात वाचलंय. होळीच्या दिवशी निकाल लागला असावा. "घवघवीत यश" घिसंपिटं वाटत असेल तर झेंडा आपल्याकडेही आहे, अटकेपार लावलेला. फक्त तालुकास्तरीय निबंधस्पर्धेसाठी अटकेपर्यंत जाऊ नका.

मुलूखमैदान तोफेचा अपमान

एका राजकीय लेखाच्या भाषांतरात "लूज कॅनन"साठी "मुलूखमैदान तोफ" आली होती. तोफेला तोफ, अनुवादकाला ते चपखल वाटलं. पण मूळ लेखकाने त्या नेत्याला शिवी घातली होती आणि मराठीत त्याचा सत्कार झाला.

जहाजाच्या खालच्या मजल्यावरची ३२ पौंडी तोफ, म्हणजे ३२ पौंडांचा गोळा फेकणारी, पावणेतीन टनांच्या आसपास वजनाची असे. ती चाकांच्या गाड्यावर बसवून जाड दोराने भिंतीला जखडलेली. वादळात तो दोर तुटला तर ती जहाजाच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर या भिंतीवरून त्या भिंतीवर धडकणार आणि आपल्याच माणसांना चिरडणार. हे चित्र जगाच्या डोक्यात बसवलं ते व्हिक्टर ह्यूगोच्या १८७४ सालच्या कादंबरीतल्या एका प्रसंगाने. माणसाबद्दल हा वाक्प्रचार वापरायची पद्धत त्यानंतरची आणि ती अमेरिकेत वाढली. नेल्सनच्या तोंडी तो घालू नका.

मुलूखमैदान तोफ याच्या पार उलट. १५४९ साली अहमदनगरला ओतलेली, विजापूरच्या बुरुजावर बसलेली, वजन ५५ टनांच्या घरात. ती सुटून घरंगळणं शक्यच नाही. सभा गाजवणाऱ्या वक्त्याला आपण ते नाव देतो ते कौतुकाने. खुद्द नावाचीही गंमत आहे. मूळ मलिक-ए-मैदान, रणांगणाचा धनी. मराठी जिभेने त्याचा मुलूख केला आणि आज तोच शब्द खरा.

लूज कॅननला एका शब्दात पकडणारी मराठी मला अजून सापडलेली नाही. प्रकरण नुसतं बोलण्याचं असेल तर "वाचाळवीर" चालतो. नाहीतर सरळ लिहावं: हा कधी काय करून बसेल याचा नेम नाही आणि फटका स्वपक्षालाच बसेल.

प्रत्येक गोष्ट समुद्रातून आलेली नसते

इंग्रजी शब्दांच्या अभ्यासकांमध्ये एक थट्टा चालते. प्रत्येक वाक्प्रचाराला नाविक मूळ चिकटवणारी एक काल्पनिक समिती आहे म्हणे, आणि तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवली की "कनू" होतं, म्हणजे होडी. या समितीचे मानद सभासद आपल्या व्हॉट्सअॅप गटांतही आहेत.

त्यांची लाडकी गोष्ट "पॉश"ची, आणि ती आपल्या मुंबईवरूनच जाते. बॅलार्ड पिअरच्या बाजूला फिरताना मलाही ती ऐकवली गेलीय. पी अँड ओ कंपनीच्या जहाजाने विलायतेहून मुंबईला येताना डावीकडची केबिन सावलीत, परत जाताना उजवीकडची. श्रीमंतांच्या तिकिटावर "पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम" असा शिक्का, त्याची आद्याक्षरं म्हणजे पॉश. गोष्ट इतकी गोळीबंद की मोडायला जिवावर येतं. पण असा शिक्का मारलेलं एकही तिकीट कधी सापडलेलं नाही. छानछोकीच्या माणसाला पॉश म्हणणं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या बोलीकोशात आहे, आणि आद्याक्षरांची कहाणी मात्र छापील रूपात दिसते ती थेट १९३० च्या दशकात. नातू आजोबाच्या आधी जन्मत नसतो.

दुसरी गोष्ट पितळी माकडाची. कडाक्याच्या थंडीचं वर्णन करणारा एक चावट इंग्रजी वाक्प्रचार आहे, पूर्ण देत नाही. त्याचं सोज्वळ स्पष्टीकरण असं फिरतं की तोफगोळ्यांचा ढीग ज्या पितळी तबकावर रचत त्याला मंकी म्हणत, आणि थंडीत पितळ लोखंडापेक्षा जास्त आकसलं की गोळे घरंगळत. हिशेब करून पाहा. एक मीटर लांबीचं तबक, तापमान ३० अंशांनी उतरलं, तर पितळ आणि लोखंड यांच्या आकसण्यातला फरक पाव मिलिमीटरच्या आसपास भरतो. तेवढ्याने गोळा हलत नाही. शिवाय हलत्या जहाजावर गोळ्यांचे मनोरे रचेल कोण? ते लाकडी फळ्यांतल्या खळग्यांत ठेवत.

"बिट्वीन द डेव्हिल अँड द डीप सी"मधला डेव्हिल म्हणजे जहाजाच्या फळ्यांमधली एक अवघड सांध, असंही सांगतात. वाक्प्रचार १६३० च्या दशकापासून छापलेला आहे, सांधेला ते नाव असल्याची नोंद बरीच नंतरची. तो डेव्हिल बहुधा साधा सैतानच. "इकडे आड, तिकडे विहीर" लिहा आणि मोकळे व्हा.

अडलात तर

मी काय करते ते सांगते. वाक्यात एखादा ओळखीचा शब्द विनाकारण आलेला दिसला, म्हणजे दारूच्या गुत्त्यात चादर किंवा निकालात रंग, की तिथे थांबते. तो शब्द कोशात पाहते, पण पहिला अर्थ वाचून कोश मिटत नाही. शीटचा दोर हा अर्थ कुठल्याही बऱ्या कोशात असतो, फक्त खाली, स्वतंत्र नोंदीत. मग वाक्प्रचार पहिल्यांदा कधी छापला गेला ते पाहते. गोष्ट आणि तारीख जुळली नाही तर गोष्ट बाजूला ठेवते, अर्थ तेवढा घेते. शेवटी मराठी शोधते, तेही पात्र कोण आहे ते पाहून. लंडनच्या काकाला मी "टल्ली" करत नाही, तो अंधेरीतून आल्यासारखा वाटतो. आणि जे जमत नाही ते साध्या वाक्यात सांगते. वाक्प्रचाराला वाक्प्रचारच द्यावा असा कायदा नाही.

तळटीप देण्याच्या मी विरुद्ध आहे. काका दारात धडपडत असताना वाचकाला पानाच्या तळाशी नेऊन शिडांचे दोर दाखवायचे, हा काकावरही अन्याय आणि वाचकावरही.

चिपळूणच्या मुलाने चार दिवसांनी ते प्रकरण दुरुस्त करून पाठवलं. मला वाटलं होतं "काका तर्र होऊन परतला" असं असेल. वाक्य होतं: "मध्यरात्री काका आला तो तीन दोर सुटलेल्या ताडपत्रीसारखा, दाराची चौकट धरून फडफडत."

मूळ लेखकाच्या गावात ताडपत्री नसेल. मी लाल पेन उचललं, वाक्य पुन्हा वाचलं, आणि पुढच्या पानावर गेले.